रेंजची खोप : वादळात पडलेल्या फांद्यांच्या कामाच्या नोंदी

८ नोव्हेंबर २०२०, रविवार

निसर्ग वादळाला पाच महिने झाले आणि आज कुठे मागच्या खळ्यातल्या फांद्यांच्या ढिगाला हात लावला.

३ जूनच्या दुपारी वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर चढलं. आम्ही दापोली तालुक्यातले, म्हणजे तिथून थोडे दक्षिणेला, पण ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटरच्या वाऱ्याने आम्हालाही सोडलं नाही. आत्याच्या आगरातल्या पोफळी काडीसारख्या मोडल्या. परड्यातला फणस मुळासकट आडवा झाला. वरच्या बागेतले दोन जुने हापूस बेळक्यातून, म्हणजे दोन फांद्या फुटतात त्या जागेतून, उभे फाटले. दारातल्या बकुळीची मोठी फांदी ओटीच्या पायरीवर येऊन पडली. पंचनामे झाले, खोडं लाकूडवाल्याने नेली आणि फांद्या सरपण म्हणून खळ्यात रचल्या गेल्या. अख्खा पावसाळा त्या तिथेच भिजल्या.

करोनामुळे शाळा मोबाईलवर भरते आणि वाडीतली सात मुलं त्यासाठी रोज सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, जातात. खाली वाडीत मोबाईलला रेंज नाही. सड्याच्या पश्चिम कडेला एक मोठा कातळ आहे, तिथे दोन काड्या येतात. जूनपासून ती पोरं तिथे छत्र्या धरून बसली. सात जणांत तीन मोबाईल. चौथीतली एक चिमुरडी मोबाईल भिजू नये म्हणून स्वतः भिजायची. आता पाऊस संपला, पण पुढच्या जूनपर्यंत शाळा उघडेलच असं कोणी छातीवर हात ठेवून सांगत नाही.

तिथे दहा फूट बाय बारा फुटांची एक खोप बांधायची. जागा मोठ्या काकांची, त्यांनी लगेच हो म्हटलं. लाकूड या ढिगातलंच. मी शिल्पकार आहे, बांधकामवाली नाही. त्यामुळे खोप उभी करायचं गणित सुतारकाकांचं, आणि लाकूड कसं दिसेल, कसं बोलेल, ते माझ्याकडे.

पत्र्याची शेड चार दिवसांत झाली असती, असं दोघातिघांनी सुचवलं. जूनमध्ये शेजारचे पत्रे दोन शेतं ओलांडून गेलेले मी पाहिलेत. आणि ही लाकडं चुलीत जाताना मला बघवत नाहीत, हेही तितकंच खरं.

११ नोव्हेंबर

तीन दिवस नुसती निवड. प्रत्येक फांदी उचलायची, दगडावर ठेवायची, कोयत्याच्या पाठीने ठोकायची. खणखणीत वाजली तर डावीकडे, भद्द वाजली तर उजवीकडे.

फणस जवळजवळ सगळा चांगला. वरचं पांढरं लाकूड काही ठिकाणी मऊ पडलंय, पण आतला पिवळा गाभा लोखंडासारखा. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, फांद्या सरळ, बारीक, हाताला जड. काजू वेडावाकडा, बघताक्षणी आवडणारा, पण मला त्याचा भरवसा वाटत नाही. पोफळीची जी खोडं ओलीत पडली होती ती आतून भुसभुशीत झालीत. बांधावर उंच राहिलेली बारा-तेरा बरी आहेत, त्यांच्या रीपा निघतील.

आंब्याने थक्क केलं. पावसात पडून त्याला बुरशी लागली आणि त्या बुरशीने लाकडात काळ्या रेघा ओढल्यात. एक तुकडा आडवा कापला तर आत नकाशा. बारीक टाकाने काढल्यासारख्या वळणदार हद्दी, एका हद्दीच्या आत लाकूड पांढुरकं, दुसरीत तपकिरी, तिसरीत निळसर राखाडी. वेगवेगळ्या बुरशी एकमेकींना अडवतात तिथे या रेघा पडतात. आणखी एक पावसाळा गेला असता तर सगळं कुजून हाताला भुगा आला असता. आत्ता थांबवलं तर अर्धं लाकूड कामाचं आहे. ते सगळं पडवीत, वाऱ्यावर.

२९ नोव्हेंबर, रविवार

साली काढून झाल्या. साल ठेवली की तिच्याखाली ओल राहते आणि कीड तिथेच घर करते. फांदीची साल छान दिसते म्हणून ती ठेवायचा मोह होतो, मलाही झाला. आवरला.

कापलेल्या टोकांना मेण लावलं. पाणी टोकांतून सगळ्यात वेगाने उडतं आणि टोकं आधी आकसली की चिरा पडतात. आत्या म्हणाली, आमच्या वेळी शेण लिंपायचे. मेण संपल्यावर उरलेल्या टोकांना शेणच लिंपलं. बघू कोणतं जास्त टिकतं.

आज सुतारकाका आले. वय सत्तरीच्या पुढे, हर्णै-आंजर्ल्याकडे होड्यांच्या कामात आयुष्य गेलं. ढिगाभोवती एक फेरी मारली आणि कशालाही हात न लावता विचारलं,

“ताई, बेळकी किती निघाली?”

मी सरळ तुकडे मोजले होते. बेळकी मोजलीच नव्हती.

मग त्यांनी समजावलं ते असं. फांदीला जिथे दुसरी फांदी फुटते तिथे झाडाने स्वतः सांधा घातलेला असतो. दोन्हीकडचे तंतू एकमेकांत विणलेले असतात. तेवढा पक्का सांधा माणसाला कुसू-खाचेने घालता येत नाही. होडीच्या फासळीला म्हणूनच वाढतानाच वाकलेलं लाकूड शोधायचं, सरळ लाकूड कापून वाक काढला तर तंतू तुटतात आणि लाटेत ती फासळी तिथेच मोडते. नांगराचंही तसंच. “आणि मेढ म्हणजे तरी काय? बेळकं असलेला खांब. मांडवाची मुहूर्तमेढ कोणी खिळे मारून केलीय का?”

मुहूर्तमेढ हा शब्द मी आयुष्यभर भाषणांत ऐकत आले. त्यात एक खरोखरचं लाकूड आहे, वरती दोन बोटं फाकलेलं, हे आज डोळ्यांसमोर आलं.

जाताना एक गोष्ट त्यांनी बजावली. बेळक्याचा कोन इंग्रजी व्हीसारखा चिंचोळा असेल आणि दोन फांद्यांच्या मध्ये साल आत शिरलेली असेल तर ते घ्यायचं नाही. तिथे लाकूड जुळलेलंच नसतं, नुसती साल सालीला टेकलेली असते. कोन वाटीसारखा गोल हवा. मी टॉर्च घेऊन फाटलेल्या हापूसच्या खुंटापाशी गेले. फाटलेल्या तोंडावर वरपासून हातभर काळी साल आत उतरलेली. वादळाने मोडला असं आम्ही म्हणतो, पण तो तिथे कधी जुळलाच नव्हता.

२० डिसेंबर, रविवार

चार मेढी ठरल्या : तीन फणसाच्या, एक काजूची. फणसाचं चौथं बेळकं होतं, पण त्यात साल शिरलेली निघाली. काजूचं बेळकं दिसायला चौघांत देखणं, नाचताना हात वर केल्यासारखं. सुतारकाकांनी नाक मुरडलं, पण नको असं स्पष्ट म्हणाले नाहीत. माझा आग्रह चालला.

वाळवणीचा हिशोब ठेवायला प्रत्येक जातीचा एक फुटाचा नमुना कापून ताणकाट्यावर दर रविवारी तोलते. फणसाचा २२ नोव्हेंबरला ४ किलो ७०० होता, आज ४ किलो १००. वजन उतरायचं थांबलं की लाकूड इथल्या हवेशी जुळलं असं समजायचं. समुद्राकाठी ते देशावरच्याइतकं कोरडं कधीच होत नाही, आणि पावसाळ्यात पुन्हा थोडं पाणी घेतं. त्यामुळे सांधे फार आवळून चालणार नाहीत.

जाड मेढी इतक्या कमी वेळात पूर्ण वाळणार नाहीत हे माहीत आहे. चीर पडणारच. म्हणून प्रत्येकीच्या मागच्या अंगाला, भिंतीकडे जाईल तिथे, गाभ्यापर्यंत करवतीने एक उभी काप घेतली. लाकूड घेराच्या दिशेने जास्त आकसतं, गाभ्याच्या दिशेने कमी, जवळजवळ निम्मंच. त्या ओढाताणीला कुठेतरी मोकळं व्हावं लागतं. जागा आपण दिली की ते तिथे उघडतं आणि पुढची बाजू शाबूत राहते.

नोव्हेंबरात काढलेलं चित्र आज बाजूला ठेवलं. त्यात चारी खांबांवर वेली, पानं, पक्षी कोरलेले होते. ढिगातल्या फांद्यांकडे न बघता पुण्याच्या सवयीने काढलेलं चित्र. अवनींद्रनाथ टागोर उतारवयात वाळक्या काटक्या, मुळं गोळा करून त्यांतून लहान लहान प्राणी-माणसं करत. कुटुम-काटाम म्हणायचे ते त्यांना. इतका मोठा चित्रकार, आणि त्या खेळण्यांत त्याचा हात अगदी थोडा लागलेला. काटकीत हरीण दिसलं की तो तिला उभी राहायला मदत करायचा, एवढंच. मला या खोपीत तेवढाच हात लावायचा आहे. ते कोरण्यापेक्षा अवघड आहे, हे महिनाभर ढिगाजवळ बसून कळलं.

१० जानेवारी २०२१

आज थोडक्यात वाचले.

आंब्याची एक नऊ फुटी आडवी वाढलेली फांदी उभी चिरायला घेतली. दोन फाकं करून आतल्या रेघा बाकाच्या पाठीला दाखवायच्या होत्या. करवत अर्ध्यात पोचली आणि वरचं फाक धनुष्यासारखं उसळलं. करवतीची पाती अडकली, फाक माझ्या कोपराला लागून वर गेलं. खरचटण्यावर निभावलं.

आडवी फांदी जन्मभर स्वतःचं वजन पेलत असते. त्यासाठी झाड तिच्या वरच्या अंगाला वेगळं, ताणलेलं लाकूड घालतं, दोरी ओढून धरल्यासारखं. फांदी अख्खी असते तोवर वरचा ताण आणि खालचा दाब एकमेकांना धरून असतात. मी मधून कापलं आणि दोरी सुटली. रंधा मारला तेव्हा त्या वरच्या अंगाचे तंतू कापले न जाता लोकरीसारखे उभे राहिले, तेव्हा खात्री झाली.

आता आडव्या फांद्या चिरायच्या नाहीत, अख्ख्याच वापरायच्या. बाकाची पाठ त्या आडव्या फांदीचीच, न कापता. फक्त पुढून हातभर रुंदीची साधारण अर्ध्या इंचाची थर काढली. रेघा तेवढ्यातही दिसतात.

२४ जानेवारी

नमुना ३ किलो ७००. मुलं आज खळ्यात आली होती. ढिगातली एक रातांब्याची फांदी उचलून एकाने विचारलं, हा ककणेर तुम्ही केला की होताच? मी काहीच केलं नव्हतं. गाठीचा डोळा, पुढे मोडलेल्या फांदीचा लांब बाक. धनेशाची चोच अगदी. ती फांदी बाजूला काढली.

१४ फेब्रुवारी, रविवार

सड्यावर काम सुरू. दोन गडी, पहार आणि घण. कातळ वरून काळा आणि कठीण, हातभर खाली गेलं की तांबडा आणि ओलसर. चार खड्डे दीड-दीड फुटाचे. प्रत्येकात लोखंडी पट्टी उभी करून काँक्रीट, वर चिऱ्याची बैठक. मेढ चिऱ्यावर बसेल, मातीला टेकणार नाही. पट्ट्या मेढीला दोन्ही बाजूंनी बोल्टने धरतील. सड्यावर वारा छपराला खालून उचलतो. नुसतं वजनावर भिस्त ठेवून चालत नाही.

पश्चिमेच्या बाजूला तीन फूट उंच चिऱ्याची भिंत, बाकी मोकळं. रेंज त्याच बाजूने येते, आणि समुद्रही दिसतो.

७ मार्च, रविवार

पंधरा दिवस पुढच्या डाव्या मेढीवर काम केलं. याची नोंद नीट ठेवते, कारण पुन्हा कधी इतकं शिकेन असं वाटत नाही.

फणसाचं लाकूड ताजं उघडलं की हळदीसारखं पिवळं. पटाशी मारली की सोललेली चिपळी उन्हात धरावी तर आरपार केशरी दिसते. चार दिवस उजेडात राहिलं की मधासारखं होतं, आणि आत्याच्या माजघरातल्या खांबांकडे पाहिलं तर शेवटी ते कुठे जाणार तेही कळतं : जुन्या तांब्याच्या रंगाला. इतके महिने होऊनही आत कुठेतरी चीक जिवंत आहे. तो पटाशीच्या धारेला चिकटतो आणि धार गेल्यासारखं वाटतं. खोबरेल तेलाचं बोट फिरवलं की सुटतो.

खांबाच्या सरळ भागात पटाशी एका दिशेने सुरेख चालते. बेळक्याच्या काखेत गेलं की सगळे नियम उलटतात. तिथे तंतू तीन बाजूंनी येऊन गुंतलेले. खालून वर मारलं तर डावीकडचे उचकटतात, वरून खाली मारलं तर उजवीकडचे. पहिल्या दिवशी मी बोटाच्या पेराएवढा कपचा उडवला. मग मोगरी ठेवून दिली. गोल पटाशीला सकाळ-संध्याकाळ निसण्यावर धार, आणि नुसत्या तळहाताच्या दाबाने, नखाएवढी चिपळी. दिवसाला वीतभर जागा.

त्या वीतभर जागेत जे दिसलं ते वेगळंच. तंतू काखेत पाण्याच्या भोवऱ्यासारखे वळतात, काही ठिकाणी आडवे पडून चमकतात. एका कोनातून बघितलं तर खोल डोह, दुसऱ्या कोनातून उंचवटा, आणि हात फिरवला तर दोन्ही नाही, सपाट. यावर मी काय कोरणार? मी फक्त वरचं मळकं, मऊ लाकूड काढत गेले, आणि जिथे भोवरा दिसला तिथे थांबले. पूर्ण मेढीवर माझ्या हाताचा आकार म्हणावा असा एकच आहे : दोन फांद्यांच्या टोकांना तुळई बसते तिथे तळहातासारखी खोलगट वाटी.

संध्याकाळी आत्या बघायला आली. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “पोरी, आणि माझ्या बकुळीचं काय करतेस?”

ती फांदी मी चार महिने नुसती हलवत होते. बकुळीचं लाकूड तांबूस, इतकं कठीण की करवत तापते. आत्या लग्न होऊन इथे आली तेव्हापासून रोज पहाटे त्या फांदीखाली वाकून फुलं वेचायची. मी म्हटलं, तू सांग.

“जिथे पोरांचे हात लागतील तिथे घाल. उंचावर नको.”

खोपीला तीन पायऱ्या आहेत. त्यांच्या कडेला आधाराचं कठडं बकुळीचं होणार. उंची चौथीतल्या मुलीच्या हाताच्या मापाने.

२८ मार्च, होळी

सकाळी काजूच्या मेढीच्या पायाशी पिठासारखा बारीक भुगा. झटकला. दुपारी पुन्हा तेवढाच. फांदी आडवी करून बघितली तर मोहरीएवढी तीस-चाळीस भोकं.

जानेवारीत सगळ्या लाकडांना बोरिक-बोरॅक्सचं पाणी दिलं होतं. शंभर लिटर पाण्यात दोन किलो बोरिक पावडर, तीन किलो बोरॅक्स, दोन दिवस बुडवून. पण ते पाणी जाड लाकडात फार खोल जात नाही, आणि अळी त्याआधीच आत होती. काजूचं लाकूड मऊ, त्यात पिष्ट भरपूर. किडीला आवतणच. सुतारकाकांनी डिसेंबरात नाक मुरडलं होतं ते यासाठी.

कीड बाकीच्या तिन्हींत जायला नको. यंदा करोनामुळे शिमगा साधाच, पालखी घरोघर नाही, पण होम पेटणार होता. ती देखणी मेढ आम्ही संध्याकाळी होमात दिली. मुलांनी बोंब मारली, मीही मारली. मनापासून.

बाकी तीन मेढी उन्हात काढून भोकंन्‌भोकं तपासली. शुद्ध आहेत.

१३ एप्रिल, गुढीपाडवा

आज मेढी उभ्या केल्या. पाडव्याचा मुहूर्त. आत्याने प्रत्येक चिऱ्यावर हळदकुंकू वाहिलं, आंब्याचा डहाळा बांधला. तीन फणसाच्या जागेवर बसल्या तेव्हा तुळई त्यांच्या वाट्यांत अशी टेकली की सुतारकाका हसले.

चौथ्या कोपऱ्यात, मागे उजवीकडे, दुसरं बेळकं मिळालं नाही. आंब्याचा सरळ खांब घेतला, त्याला फणसाची तिरकी फांदी कुसू घालून जोडली आणि दोन बोल्ट आरपार. लांबून बेळकंच वाटतं. सुतारकाकांनी जोडताना तीनदा मोजलं, काम चोख केलं, आणि तरीही खाली उतरल्यावर म्हणाले, “ही मेढ नव्हे. हा टेकू.”

उद्या रात्रीपासून राज्यात पुन्हा कडक निर्बंध लागणार आहेत. गडी आज संध्याकाळीच आपापल्या गावी गेले. छप्पर आम्हालाच करायचं.

९ मे, रविवार

छप्पर झालं. वासे रातांब्याचे आणि आंब्याचे, रीपा पोफळीच्या, कौलं जुन्या गोठ्याची. निसर्ग वादळातून वाचलेली. कडेच्या दोन रांगा तारेने बांधल्या. मागच्या बाजूला रातांब्याच्या फांद्यांची जाळी, एकही सरळ ओळ नसलेली. त्यातून पलीकडचं ऊन फांद्यांतून येतं तसंच येतं. ककणेराची फांदी आढ्याच्या टोकाला बसवली, चोच समुद्राकडे. तिला मी फक्त डोळ्याच्या गाठीभोवतीची साल काढून दिली.

सगळ्याला उंडेल तेलाचे दोन हात. बोरॅक्स पावसाने धुऊन जातो, म्हणून वर तेल हवंच. होड्यांना आम्ही हेच लावायचो, असं सुतारकाका म्हणाले. वास उग्र आहे, आठवडाभर कपड्यांना राहतो.

१८ मे

तौक्ते. वीज परवापासून नाही, हे मेणबत्तीवर लिहितेय.

१६ तारखेला सकाळपासून समुद्र गाजत होता. वादळ किनाऱ्याला समांतर वर सरकत होतं, जमिनीवर आमच्याकडे नाही आलं, काल रात्री गुजरातेत गेलं म्हणतात. पण १६ च्या संध्याकाळपासून रात्रभर जो वारा होता तो अंगावर काटा आणणारा. आम्ही ओटीवर बसून राहिलो. आत्या फक्त एवढंच म्हणत होती, वर्ष तरी होऊ द्यायचं होतंस.

काल दुपारी वर जाता आलं. लांबूनच छप्पर दिसलं तेव्हा पाय मोकळे झाले.

जवळून बघितलेलं असं : एकोणचाळीस कौलं गेली, बहुतेक न बांधलेल्या रांगांतली. जाळीच्या दोन फांद्या निसटल्या. बाक, कठडं, ककणेर जागेवर. फणसाच्या तिन्ही मेढी केसभरही हललेल्या नाहीत. डाव्या मेढीच्या वाटीत तुळईखाली मी मापासाठी ठेवलेली पेन्सिलीची खूण जशीच्या तशी जुळते.

चौथ्या कोपऱ्यात जोड उघडला. बोल्ट तुटले नाहीत, बोल्टांनी लाकूडच फाडलं. आंब्याच्या खांबात दोन्ही भोकांच्या मधून उभी चीर, हातभर लांब, बोट जाईल इतकी. तिरकी फांदी कुसवातून अर्धी बाहेर आलेली. तुळई त्या कोपऱ्यात चार बोटं खाली बसलीय. छप्पर रात्रभर उचललं-आपटलं गेलं असणार आणि सगळा हिसका त्या एका जागी गोळा झाला.

मी सुतारकाकांना फोन करायला तिथेच उभी राहिले. रेंज नव्हती. टॉवरच बंद.

३० मे, रविवार

जॅक लावून तुळई वर घेतली. जुना जोड काढून टाकला. आता तिथे सागाचा सरळ ओंडका उभा केलाय, खाली लोखंडी बूट, वर लाकडी ठोकळा. छपराला पुरेसा आधार आहे. दिसायला वाईट आहे. असू दे या पावसाळ्यापुरता.

कौलं सगळ्या रांगांची तारेने बांधली. हे आधीच करायला हवं होतं. तारेचे दोनशे रुपये वाचवून एकोणचाळीस कौलं घालवली.

खालच्या वाडीतलं एक जांभळाचं झाड १६ च्या रात्री पडलं. मालक सरपणाला तोडत होते. सुतारकाका रस्त्याने जाताना थांबले आणि कुऱ्हाड धरायला लावली. संध्याकाळी बैलगाडीतून एक बेळकं आलं. आठ इंच जाड, काख वाटीसारखी गोल, साल कुठेही आत गेलेली नाही. मी टॉर्चने बघितलं, मग हाताने, मग पुन्हा टॉर्चने.

१५ जून, मंगळवार

शाळा सुरू झाली, मोबाईलवरच. पाऊस सकाळपासून.

नऊ वाजता मी वर गेले तेव्हा सातही जण आत होते. चौघं बाकावर, तिघं खाली पोत्यावर. आंब्याच्या पाठीवरच्या रेघांत एकाने बोटाने वाट काढत दापोली ते मुंबई असा प्रवास चालवला होता, दुसरा त्याला खाडी कुठे लागते ते दाखवत होता. चौथीतली, आता पाचवीत गेलेली मुलगी पायऱ्या चढताना कठड्याला धरून आली. हात ओला, बकुळीचं लाकूड तिथे तेवढंच गडद झालं. वर्ग सुरू झाल्यावर ती एकदाही आभाळाकडे बघत नव्हती.

पश्चिमेच्या भिंतीवरून थोडे शिंतोडे येतात. तिथे पुढच्या वर्षी झड, म्हणजे पावसाला आडोसा, बांधायला हवी.

दुपारी खाली येऊन जांभळाच्या बेळक्याची साल काढून पूर्ण केली. साल सोलताना हात जांभळट-तपकिरी झाले, धुऊन जात नाहीत. टोकांना मेण. मागच्या वर्षीच्या तुकड्यांवर मेण आणि शेण दोन्ही सारखेच टिकले होते, शेणाच्या टोकांना चिरा किंचित कमी; पण पावसाळ्यात शेण वाळत नाही. मागच्या अंगाला उभी काप घेतली. पडवीत चार चिऱ्यांवर आडवं ठेवलं, चारी बाजूंनी वारा लागेल असं. घाई करायची नाही. पुढच्या पाडव्यापर्यंत ते वाळलं तर उभं करायचं, नाही वाळलं तर त्याच्या पुढच्या.

त्याच फांदीचा एक फुटाचा नमुना कापून ताणकाट्याला लावला.

पहिलं वजन : ९ किलो ६५० ग्रॅम.